भिंतीवरचा कोरा चौकोन

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा उजवा गाल आमच्या संग्रहालयाच्या भिंतीला चिकटलेला होता. एक डोळा मिटलेला, आणि हातातल्या मोबाइलचा उजेड तो एका चित्राच्या पाठीमागे पाडत होता. बाहेर सकाळपासून पावसाची पिरपिर चाललेली, दालनात चिटपाखरू नव्हतं, आणि मी चीज लावलेला पाव चावत चावत माझ्या कामाच्या खोलीकडे निघाले होते. दालनात खायला बंदी आहे. ती माझ्यासाठी नाही असं मी धरून चालते.

"अहो! काय चाललंय तिकडे?"

तो असा दचकला की कपाळ चौकटीवर आपटलं. चित्राला धक्का लागला की आमच्याकडे घंटा वाजते. ती ठणाणा वाजायला लागली.

"चोरी करताय?"

"छे हो," कपाळ चोळत तो म्हणाला. "चोरी मागेच झालीय. मी परत न्यायला आलोय."

खालून पहारेकरी धापा टाकत आला, तर मीच त्याला हातानं 'काही नाही, जा' म्हटलं... का म्हटलं, देव जाणे. कपाळावर टेंगूळ उठत होतं त्याची दया आली असेल. किंवा त्याचे ते हसरे डोळे— नाही, टेंगूळच.

"चला, बर्फ लावते," मी म्हटलं. "पोलिसांना बोलवायचं की नाही ते मग ठरवू."

"ठरेपर्यंत त्या पावातला अर्धा मिळेल? ॲम्स्टरडॅमहून पहिल्या गाडीनं निघालोय. पोटात कावळे ओरडतायत."

निर्लज्जपणाची कमाल! मी अर्धा पाव दिला.

त्याचं नाव मिखा रोझलार. दातांचा डॉक्टर. मी रुलीन, जुनी चित्रं दुरुस्त करते. आयसल नदीकाठच्या ह्याच गावात वाढले, आणि ही विद्या मला माझ्या ओपांनी शिकवली. ओपा म्हणजे आजोबा, पण मला आईबाप दोन्ही तेच. ह्याच संग्रहालयात त्यांनी चाळीस वर्षं चित्रं दुरुस्त केली. तळमजल्यावरच्या एका दालनाला त्यांचं नाव आहे.

"म्हणजे आपला धंदा एकच की," बर्फाचा रुमाल कपाळावर दाबत मिखा म्हणाला. "भोकं बुजवायची, आणि बुजवलेलं कुणाला कळू द्यायचं नाही."

"माझी गिऱ्हाइकं ओरडत नाहीत."

"माझीही नाहीत. त्यांच्या तोंडात माझा हात असतो."

मला हसू आलं आणि पाव नरड्यात अडकला. पाणी त्यानं दिलं. मग खिशातून एक जुना कागद काढून माझ्या टेबलावर पसरला, आणि त्याचा आवाज बदलला.

त्या चित्रात एक बाई आहे. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून सफरचंद सोलते आहे, आणि तिच्या मागच्या भिंतीवर हिरव्या वेलबुट्टीचा कागद आहे. आमच्या पाटीवर लिहिलंय— 'जेवणघरातील स्त्री. युद्धानंतर जर्मनीतून परत आलेले चित्र. मालक सापडले नाहीत.' सहा वर्षं मी ती पाटी रोज वाचत होते आणि पुढे जात होते.

"ती माझ्या ओमाची आई आहे," मिखा म्हणाला. ओमा म्हणजे त्याची आजी, येटा. "रोझा फ्रँकफोर्ट. इथून चार गल्ल्या पलीकडे घर होतं त्यांचं. बेचाळीस साली ओमा दहा वर्षांची होती. तिला एका शेतकऱ्यानं गोठ्याच्या माळ्यावर लपवलं. आईवडिलांना जर्मनांनी नेलं... ते काही परत आले नाहीत. घर रिकामं केलं गेलं, अगदी दाराच्या मुठींसकट. चित्र आगगाडीनं जर्मनीला गेलं."

"आणि हा कागद?"

"ओमाची मावशी वाचली होती. सेहेचाळीस साली तिनं सरकारकडे अर्ज केला. वाचा."

मी वाचलं. 'माझी बहीण रोझा टेबलाशी बसून सफरचंद सोलते आहे. मागच्या भिंतीवर, दारासमोर, हातभर लांबरुंद चौकोन कोरा आहे.' खाली सरकारी उत्तर होतं, सन बावन्नचं. 'सदर चित्रकाराने टेबलाशी बसलेल्या स्त्रियांची अनेक चित्रे काढली आहेत. आपण म्हणता तो कोरा चौकोन या चित्रात नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे.'

"आम्ही पुन्हा अर्ज केलाय. पाच आठवड्यांनी समिती बसेल. आता नाही म्हणाले की कायमचं नाही. ओमा ब्याण्णव वर्षांची आहे, आणि तिच्याकडे आईचा फोटो नाही. एकही नाही हो! मघाशी चित्राच्या मागे काही लिहिलंय का ते बघत होतो. नाव, खूण, काहीही..."

"पण कोरा चौकोन त्यात नाहीच," मी हळूच म्हटलं. "मी रोज बघते ना. आणि कोरा म्हणजे तरी काय? पोपडे निघालेली भिंत?"

"नाही, नाही. मुद्दाम सोडलेली. आम्हा ज्यूंमधली जुन्या वळणाची माणसं घर सजवतात तेव्हा दारासमोरच्या भिंतीचा हातभर तुकडा तसाच ठेवतात. गिलावा नाही, कागद नाही, रंग नाही. जेरुसलेमचं आमचं मंदिर पाडलं गेलं त्याची आठवण. घर कितीही भरलं तरी एवढं रिकामं राहिलं पाहिजे, असं."

माझं चावणं थांबलं. भिंतीवर रंग न लावलेला तुकडा... आमच्या धंद्यात त्याला एकच अर्थ. चित्र खराब झालंय. आणि खराब झालेल्या चित्राचं आम्ही काय करतो?

आमचे संचालक वेसेल भला माणूस आहे. फोनवर म्हणाले, "बघायला काय हरकत आहे?" मी चित्र उतरवून खोलीत आणलं, पडदे ओढले, आणि जांभळा दिवा काढला. ह्या दिव्याखाली मूळ रंग एक बोलतो, मागून लावलेला दुसरंच बोलतो. दुपारचे दोन वाजले होते, पण खोलीत काळोख गुडुप.

"जरा श्वास रोखा," मी म्हटलं.

"चित्राला त्रास होतो?"

"मला होतो. माझ्या मानेवर येतोय."

"मग मान हलवा."

"मला दिवा धरायचाय!"

"मग राहू दे," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला... मीही मान हलवली नाही, हे कबूल करते.

मी दिवा लावला. चित्र फिकट हिरवट चमकलं. बाईचा चेहरा, हात, सुरी, खिडकी, सगळं चमकलं. आणि तिच्या डाव्या खांद्याच्या वर, चारही कडा सरळ, कढईच्या बुडासारखा काळा— एक चौकोन.

मिखानं माझी बाही पकडली. पुष्कळ वेळ सोडली नाही, आणि मी सोडवूनही घेतली नाही.

त्यानंतर तो दर बुधवारी यायला लागला. बुधवारी त्याचा दवाखाना बंद असतो, असं तो सांगायचा. पुढे कळलं, तो मुळीच बंद नसायचा. येताना ॲम्स्टरडॅमहून बोलुस आणायचा, म्हणजे आलं घातलेले गोड पाव, पाकात बुडवलेले, चिकट, एक खाल्ला की दुसऱ्याकडे हात जाणारे. मी चित्राचे फोटो काढत होते, कडा मोजत होते, अहवाल लिहीत होते, आणि तो शेजारी बसून चित्र पुसायच्या काड्यांना कापूस गुंडाळत होता. दातांच्या डॉक्टरचा हात! माझ्यापेक्षा सुबक गुंडाळायचा मेला.

"नोकरी देतेस?" तो विचारायचा.

"पगार परवडणार नाही."

"अर्ध्या पगारात येईन. उरलेला अर्धा तू हसून दे."

'तुम्ही'चं 'तू' कोणत्या बुधवारी झालं ते आठवत नाही. मंगळवारी केस धुवायला लागले ते मात्र पक्कं आठवतं. एवढी मी कधीच नव्हते हो! ओपा असते तर म्हणाले असते, पोरीचं लक्षण काही ठीक दिसत नाही.

मग माझ्या अहवालावर समितीचं पत्र आलं. चौकोन आहे हे मान्य. पण तो बुजवला कधी? युद्धाच्या आधीच बुजवला असेल, तर मावशीबाईंनी तो पाहिलाच नसणार, आणि त्यांनी सांगितलेलं चित्र हे नव्हेच. म्हणजे सगळं ह्या एका गोष्टीवर येऊन अडलं. काळ सिद्ध करा, नाहीतर संपलं.

सोमवारी सकाळी मी सूक्ष्मदर्शक लावला आणि चौकोनाची कड इंच इंच बघायला बसले.

कॅनव्हासचं विणकाम दिसावं म्हणून बुजवणाऱ्यानं ओल्या भरावावर बारीक दातांचा कंगवा तिरका ओढला होता. छान युक्ती. आणि प्रत्येक ओढीत तिसरी रेघ अर्धीच उमटली होती, कारण कंगव्याचा एक दात मोडका होता.

मला पुढे काही बघायची गरजच नव्हती. तो शिंगाचा कंगवा माझ्या टेबलाच्या खणात आहे. तसाच कंगवा ओढायला मी वयाच्या बाराव्या वर्षी शिकले.

ओपा मला लहानपणी दालनांतून फिरवायचे आणि म्हणायचे, "माझं पहिलं काम ह्याच इमारतीत आहे, रुलीन. चोवीस वर्षांचा होतो. एका बाईच्या भिंतीला हे एवढं भगदाड होतं. असं बुजवलं की कुणाच्या बापाला सापडणार नाही. तू शोधून दाखव!" मी शोध शोध शोधायचे. ते शेवटपर्यंत हसत राहिले, सांगितलं नाही. त्यांना जाऊन आता आठ वर्षं झाली.

सापडलं, ओपा.

त्यांची कामाची वही काढली. सन पन्नास, मार्च. 'बाईमागची भिंत पूर्ण केली. आता तिचं घर कसं नीटनेटकं दिसतं.' आणि दोन वर्षांनी सरकारी माणूस अर्ज घेऊन तपासायला आला, तेव्हा त्याला तेच नीटनेटकं घर दिसलं. कोरं काही नाही. सबब.

ज्या माणसानं मला वाढवलं, ज्यानं आयुष्यात माशीलाही दुखवलं नाही, त्याच्याच चांगल्या कामानं एका मुलीची आई सत्तर वर्षं परक्या भिंतीवर राहिली. आणि ती मुलगी मिखाची ओमा होती.

मी वेसेलना सांगितलं. "'अनोळखी हात' लिही ना," ते म्हणाले. "खाली त्यांच्या नावाचं दालन आहे, रुलीन. वर्तमानपत्रवाले काय लिहितील?"

"पण अनोळखी हात लिहिला तर काळ कसा सिद्ध होणार?"

"बघ बाई. तुझे ओपा, तुझा अहवाल."

मिखाचे निरोप येत होते. 'रुसलीस?' मग, 'दाढ दुखतेय का? ओळखीच्या लोकांना फुकट बघतो.' मग, 'बुधवारी येऊ नको म्हणालीस, कारण सांगितलं नाहीस. रुलीन?' मी फोन उलटा करून ठेवला. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. खोटं सांगायची हिंमत नव्हती आणि खरं सांगायचीही नव्हती. गुरुवारी मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी ॲम्स्टरडॅमची गाडी पकडली.

दवाखान्यात तीन माणसं गाल धरून बसली होती. मी चौथी. माझी पाळी आली तेव्हा मिखा दारातच थबकला, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. ते बघून तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या, बसा," तो खुर्चीकडे हात करून म्हणाला. "तोंड उघडा."

"तेच उघडायला आलेय."

मी त्या खुर्चीत बसून सगळं सांगितलं. कंगवा, मोडका दात, वही, बावन्न सालचा सरकारी माणूस. दिव्याचा झोत तोंडावर होता, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. मग त्यानं दिवा बाजूला केला.

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो..."

"हे बघ," तो हळू बोलला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "सत्तर वर्षं मी तुझ्या ओपांवर टाकीन गं. त्यांना काय ठाऊक होतं! पण हे तीन दिवस तुझे आहेत. माझी ओमा सकाळी उठली की विचारते, आज काही कळलं का? मी नाही म्हणतो. तीन दिवस मी नाही म्हटलं, आणि तुला माहीत होतं."

मला म्हणायचं होतं, मी घाबरले होते. तुला गमावीन म्हणून घाबरले होते.

"बाहेर पेशंट थांबलेत," तो म्हणाला.

गाडीत मी रडले. समोरच्या बाईनं न बोलता ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांची पुडी पुढे केली, ती घेतली आणि आणखी रडले. पण घरी पोचल्यावर तोंड धुतलं आणि लिहायला बसले. 'हा चौकोन सन पन्नासच्या मार्च महिन्यात ह्या संग्रहालयाचे दुरुस्तीकार हार्म टेन हावे यांनी बुजवला. ते माझे आजोबा होते.' वहीचं पान जोडलं, कंगव्याचा फोटो जोडला. एक प्रत समितीला पाठवली, एक मिखाला. तो काय म्हणेल ह्याचा विचार केला नाही असं कसं म्हणू, पण तो काहीही म्हणाला तरी हे पाठवायचंच होतं.

समितीनं चार ओळींत कळवलं की वरचा रंग काढून दाखवा.

तो दिवस नेमका बुधवार. मी एकटीच होते. द्रावणात कापूस बुडवला आणि हात हवेत तसाच राहिला. ओपांचं पहिलं काम. त्यांना केवढा अभिमान होता त्याचा! आणि ते पुसणार कोण, तर मी.

दारावर टकटक झाली. मिखा. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, आणि हातात बोलुसचा खोका.

"छत्री नाही?" मी विचारलं. एवढ्या दिवसांनी हेच सुचलं.

"छत्री आहे. खोक्यावर धरली होती." त्यानं खोका ठेवला आणि स्टुलावर बसला. "दवाखाना काढल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका बाईचा चांगला दात भरून टाकला. काळा डाग होता, मला वाटलं कीड आहे. भरला, पांढरा शुभ्र केला, फार खूश झालो. तिनं आरशात पाहिलं आणि रडायलाच लागली. तो डाग जन्माचा होता. तिच्या आईलाही तिथंच होता म्हणे."

"अगं बाई! मग?"

"मग काय? भरलेलं काढलं, हात जोडले. अजून येते ती, दर सहा महिन्यांनी. माझ्याशी भांडायलाच येते बहुतेक." तो थांबला. "मी तुला फार टाकून बोललो."

"खरं तेच बोललास. तीन दिवस माझेच होते."

"होते. आणि मग तू सगळ्या जगासमोर ओपांचं नाव लिहिलंस. मी असतो तर लिहिलं असतं का, रात्रंदिवस हाच विचार करतोय... मला नाही वाटत, रुलीन." त्यानं एक काडी घेतली आणि कापूस गुंडाळायला लागला. "चल. ओमा वाट बघतेय."

सायंकाळपर्यंत आम्ही काड्या झिजवल्या. हिरवी वेलबुट्टी कापसावर उतरत गेली. ओपांचं काम फार सुंदर होतं, पण हात थांबवला नाही. खाली मळकट करडा तुकडा निघाला, खरखरीत, इतका पातळ रंगवलेला की कॅनव्हासचे धागे दिसत होते. चित्रकारानं भिंत उघडी दाखवली होती ती अशी. खरं सांगू? काही माहीत नसतं तर मीही त्याला भगदाडच म्हटलं असतं, आणि मीही बुजवलं असतं.

"हाच," मिखा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मी रुमाल शोधला, तो द्रावणाचा निघाला, आणि दोघांनाही हसू आवरेना.

पाचव्या आठवड्यात समितीचा निर्णय आला. चित्र रोझा फ्रँकफोर्ट यांच्या कन्येला परत करावं.

चित्र आम्ही दोघांनीच नेलं. ओमा येटा ॲम्स्टरडॅमच्या वृद्धाश्रमात तिसऱ्या मजल्यावर राहते. एवढीशी चणीची बाई, नखांना लाल रंग, आणि नजर अशी की माणसानं उभ्या उभ्या सगळं कबूल करावं. मी खिळा ठोकला, मिखानं चित्र टांगलं. ती खुर्चीतून उठून, भिंत धरत धरत जवळ आली. आईच्या चेहऱ्याला हात लावला नाही. चौकोनाला लावला.

"हा कुणी झाकला होता?"

मिखानं माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या ओपांनी, बाई. त्यांना वाटलं, काहीतरी मोडलंय."

"मोडलेलंच होतं," ती म्हणाली. "म्हणून तर ठेवलं होतं." मग तिनं चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. "भल्या माणसांची हीच पंचाईत असते, पोरी. रिकामं दिसलं की भरायला धावतात. काम कसं होतं त्यांचं?"

"फार सुरेख."

"मग बरं. टाकाऊ कामाखाली आई सत्तर वर्षं राहिली असती, तर मला जास्त राग आला असता." तिनं माझ्या गालाला हात लावला. "आता तुम्ही दोघं बाहेर जा. दार ओढून घ्या. मला आईशी बोलायचंय."

आम्ही बाहेर आलो. कुठूनतरी सूपचा वास येत होता, दोन म्हाताऱ्या बाकावर बसून विणत होत्या. दार नीट लागत नाही त्या खोलीचं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"आई," आत ओमा म्हणत होती, "अगं, किती लहान आहेस तू! तू एकतीसची आणि मी ब्याण्णवची. मीच तुझी आई शोभते." नाक ओढल्याचा आवाज. "तो उंच मुलगा ना, तो माझा नातू. मिखा. चांगला आहे, फक्त जेवायच्या वेळा पाळत नाही. आणि ती मुलगी... ती कोण म्हणून मला काय विचारतेस? मलाही कुणी सांगितलेलं नाही. मुकी आहेत दोघं."

मी कानापर्यंत लाल झाले. मिखा जमिनीकडे बघत होता, पण त्याच्या हाताला माझा हात बरोबर सापडला.

"काय सांगू तिला?" तो कुजबुजला.

"खरं असेल ते सांग."

"खरं तुला माहीत आहे."

"मला? तू बोललास कधी?"

"रुलीन..." तो अडखळला. एवढा बडबड्या माणूस, आणि पार अडखळला! "माझे बुधवार आहेत ना, ते... चित्र तर आता मिळालं. पण मला बुधवार हवेत. मंगळवारही हवेत, आणि बाकीचेही. माझं तुझ्यावर फार प्रेम आहे."

"मोठ्यानं बोल!" आतून ओमा ओरडली. "आईला ऐकू आलं नाही!"

बाकावरच्या म्हाताऱ्यांचं विणकाम थांबलं. मिखानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आता ह्याच्या भरवशावर राहिलं तर आणखी सत्तर वर्षं जातील, असं मला वाटलं. मी त्याचा हात धरला, दार उघडलं आणि त्याला ओढत थेट चित्रासमोर नेऊन उभं केलं.

"रोझाबाई," मी त्या सफरचंद सोलणाऱ्या बाईला म्हटलं. आवाज चांगला मोठा होता. "मी रुलीन. हार्म टेन हावेंची नात. तुमच्या ह्या पणतवावर माझं प्रेम आहे, आणि ह्याचं माझ्यावर. तुमची ना नसेल तर..."

मिखानं मला जवळ घेतलं, आणि टेंगूळ आलं होतं तेच कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं.

ओमा येटा खुर्चीत बसली. डोळे पुसले, चष्मा लावला, आईकडे नीट निरखून पाहिलं.

"कधीची हसतेय बघ," ती म्हणाली. "हो म्हणतेय."